थंडीच्या सकाळी गाडी उठत नाही, हीटरही गार: तपासणी कुठून सुरू करायची

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, पिंपळगाव, दिंडोरी या द्राक्षपट्ट्यात थंडी पडली की आमच्या गॅरेजचा फोन पहाटेच वाजायला लागतो. तक्रारी ठरलेल्या. एक, "गाडी उठतच नाही." दुसरी, "हीटर लावला तरी गारच हवा येते." निफाडचा पारा हिवाळ्यात दहा अंशांच्या खाली जातो, कडाक्याच्या दिवसांत पाचच्याही खाली. तेवढ्या थंडीने चांगली गाडी बंद पडत नाही. आधीपासून कमजोर झालेली एखादी गोष्ट असते, ऑक्टोबरपर्यंत ती कशीबशी चालते आणि डिसेंबरात उघडी पडते. म्हणून घाईने नवी बॅटरी आणून बसवणाऱ्यांची गाडी आठवडाभरात पुन्हा तिथेच उभी राहते. पाच-सहा हजार जातात आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

खाली लिहिलेला क्रम फुकटच्या तपासण्यांपासून महागाच्या कामांकडे जातो. तो मोडू नका.

लक्षणं: आधी ऐका आणि बघा

चावी फिरवल्यावर नेमकं काय होतं, हे सांगता आलं की अर्धं निदान तिथेच होतं.

- मीटरचे दिवे मंद होतात आणि भराभर टकटकटकटक आवाज येतो: बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे.
- दिवे झगझगीत, पण एकच "टक्" होऊन शांतता: सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर), त्याचा सोलेनॉइड (तिला करंट जोडणारा स्विच) किंवा अर्थिंगची, म्हणजे बॉडीला जोडलेली वायर.
- दिवे लागतात, आवाज काहीच नाही: क्लच पूर्ण दाबलेला नाही, ऑटोमॅटिक गाडी 'पी' किंवा 'एन'वर नाही, किंवा गाडी चावी ओळखत नाही.
- सेल्फ रडतरडत फिरतो: बॅटरी अर्धवट, टर्मिनल खराब, किंवा इंजिन ऑइल नको तितकं जाड.
- सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पेट घेत नाही: इथे बॅटरीला हात लावू नका. दोष इंधनात, स्पार्कमध्ये किंवा डिझेलच्या हीटर प्लगमध्ये (थंड इंजिनातली हवा तापवणारा प्लग).

हीटरच्या बाबतीत:

- पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवूनही हवा कोमटच, तापमानाचा काटा खाली (काटा नसलेल्या गाड्यांत निळा दिवा विझतच नाही): थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनचं तापमान सांभाळणारी झडप.
- काटा वर चढतोय आणि हीटर मात्र गार: कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) संपत आलंय. हे सगळ्यांत धोक्याचं लक्षण. पुढचं वाचण्याआधी गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा.
- हवा गरम, पण झोत दुबळा: केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारा फिल्टर, चोंदला आहे.
- डॅशबोर्डच्या मागे पाणी खळखळल्यासारखा आवाज: कूलंटमध्ये हवा शिरली आहे.
- काचेवर आतून चिकट थर, गोडसर वास, डाव्या सीटपुढची मॅट ओली: हीटर कोअर (डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर) गळतोय.

गाडी उठत नाही: घरच्या घरी

आधी सगळा भार काढा. हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर, म्युझिक सिस्टिम, चार्जरला लावलेला मोबाइल, सगळं बंद. गाडी न्यूट्रल, क्लच पूर्ण आत. गिअरबॉक्समधलं ऑइल थंडीत जड होतं आणि क्लच दाबला नाही तर सेल्फला तेही ढवळावं लागतं. बॅटरी काठावर असेल तर एवढ्या फरकानेही गाडी उठते.

चावी एकदम शेवटपर्यंत फिरवू नका. 'ऑन'वर दोन-तीन सेकंद थांबा, टाकीतल्या पंपाची बारीक घूं ऐकू येते, ती थांबली की सेल्फ मारा. एका वेळी फार तर दहा सेकंद, मग अर्धा-एक मिनिट विश्रांती. सलग मारत राहिलं तर बॅटरी तर संपतेच, सेल्फची वाइंडिंगही जळते आणि साधं दुखणं महाग होऊन बसतं.

बटणवाल्या गाडीत "चावी सापडत नाही" असा संदेश येत असेल तर रिमोटमधला सेल संपत आला असण्याची शक्यता जास्त. तो रिमोटच बटणाला टेकवून बटण दाबा. बहुतेक गाड्यांत त्याने काम होतं. नाण्याच्या आकाराचा हा सेल घड्याळवाल्याकडे मिळतो. बऱ्याच रिमोटना सीआर2032 लागतो, पण जुना काढून नंबर बघूनच घ्या.

सीएनजीवाल्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण हे दुखणं दर हिवाळ्यात येतं. बहुतेक सीएनजी गाड्या थंड असताना पेट्रोलवर सुरू होतात आणि इंजिन थोडं तापल्यावर गॅसवर जातात. पेट्रोल महाग म्हणून टाकीत जेमतेम राखीव ठेवायचं, तेही महिनोनमहिने तेच, अशी सवय खूप जणांना आहे. जुन्या पेट्रोलमधले हलके अंश उडून गेलेले असतात, इथेनॉलमुळे त्यात ओलही धरलेली असते. वर टाकीतला पंप थंड राहतो तो भोवतीच्या पेट्रोलमुळेच, पेट्रोल कमी असेल तर तो तापून जळतो. टाकी निदान पाव भरलेली ठेवा आणि आठवड्यातून थोडं अंतर पेट्रोलवर चालवा. पंप बदलण्याच्या खर्चापुढे हे पेट्रोल काहीच नाही.

टर्मिनल: सगळ्यांत जास्त वेळा इथेच सापडतं

बोनेट उघडा आणि बॅटरीच्या टर्मिनलवरची प्लास्टिकची टोपी उचला. खाली पांढरी-हिरवट, भुसभुशीत भुकटी साचलेली दिसेल. ती वीज वाहू देत नाही. दिव्यांना लागणारा थोडा करंट त्यातून निसटतो, म्हणून दिवे लागतात आणि माणूस म्हणतो, "बॅटरी तर चांगली आहे." पण सेल्फला शंभरहून जास्त अँपिअर लागतात, ते त्या थरातून जात नाहीत. टर्मिनल हाताने हलवून बघा. हाताने हलत असेल तर तेच कारण धरून चाला.

साफ करताना इंजिन बंद, चावी काढलेली. आधी काळी म्हणजे निगेटिव्ह वायर सोडायची, मग लाल. बसवताना उलट, आधी लाल आणि शेवटी काळी. का? गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. काळी जोडलेली असताना लाल टर्मिनलवरचा पाना चुकून बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी उडते, पाना तिथेच चिकटू शकतो. बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पाना लागतो. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं पुसा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवा. भुकटीत आम्ल असतं, म्हणून हातमोजे घाला आणि डोळ्यांना हात लावू नका. काळ्या वायरचं दुसरं टोक जिथे बॉडीला बसतं तो बोल्टही बघा. तिथला गंज कुणी बघत नाही, आणि एकाच "टक्"वाल्या तक्रारीत दोष बरेचदा तिथेच सापडतो.

मल्टीमीटर: तीनशे-चारशे रुपयांत बॅटरीचा खरा हिशोब

गाडी रात्रभर उभी असताना, सकाळी काहीही चालू न करता बॅटरीवर व्होल्ट मोजा. 12.6च्या आसपास म्हणजे भरलेली. 12.4 म्हणजे पाऊण. 12.2 म्हणजे अर्धी. 12च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. आता दुसऱ्या कुणाला सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघत राहा. उभ्या गाडीत 12.5 दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताना 9.5च्या खाली कोसळली तर ती आतून संपली आहे, चार्ज करूनही उपयोग नाही. गाडी सुरू झाल्यावर हेडलाइट लावून पुन्हा मोजा. साधारण 13.8 ते 14.5 यायला हवे. 13च्या खालीच राहत असेल तर बॅटरी चार्जच होत नाही. अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा भाग) किंवा त्याचा पट्टा बघावा लागेल. सकाळी सुरू केल्याबरोबर ची-ची असा आवाज येत असेल तर पट्ट्यापासून सुरुवात करा.

खूप जण विचारतात, बॅटरी थंडीतच का मरते? खरं म्हणजे तिला मे महिन्याचं ऊन मारतं. उष्णतेने पाणी उडतं, प्लेटा झिजतात. थंडीत तिची ताकद आणखी घटते (शून्य अंशाला साधारण पाचवा हिस्सा कमी होतो) आणि त्याच वेळी ऑइल घट्ट झाल्याने इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. दोन्ही बाजूंनी पकडली जाते. आपल्याकडे बॅटरी तीन ते पाच वर्षं चालते. वॉरंटी कार्डवरची तारीख बघा. चार वर्षं झाली असतील आणि वरच्या चाचणीत आकडा कोसळत असेल, तरच नवी घ्या. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाडीला साधी बॅटरी बसवून घेऊ नका. तिला ईएफबी किंवा एजीएम प्रकारची, म्हणजे वारंवार सेल्फ मारणं सोसणारी लागते, साधी तिथे लवकर जाते.

नवी बॅटरीही दोन-तीन दिवसांत उतरत असेल तर करंटला कुठेतरी चोरवाट आहे. बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टिम, डॅशकॅम, जीपीएस, डिकीतला दिवा, ही नेहमीची कारणं. गाडी कुलूप लावून झोपली की साधारण 50 मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट जाता कामा नये. हे मोजणं ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. मल्टीमीटर मालिकेत जोडून चुकून सेल्फ मारला तर मीटर जळतो. आणि रोज घर ते द्राक्षबाग एवढंच दोन किलोमीटर जाणं-येणं असेल तर बॅटरीत दोष नसूनही ती उतरते. एका सेल्फला गेलेलं तेवढ्या अंतरात भरून येत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर गाडी न्या.

जंप देताना

लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. ठिणगी शेवटच्या जोडणीलाच उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून ती ठिणगी बॅटरीजवळ नको. दोन्ही गाड्या एकमेकींना टेकलेल्या नकोत. बॅटरी फुगलेली असेल, गळत असेल, तिला तडा गेला असेल तर जंप देऊच नका. ट्रॅक्टरवरून जंप देताना त्याची बॅटरी 12 व्होल्टचीच आहे याची खात्री करा. ट्रकवर मात्र बरेचदा 24 व्होल्ट असतात, तिथून वायर लावली तर कारचे कॉम्प्युटर जळतात.

ढकलून सुरू करायची जुनी सवय सोडलेली बरी. ऑटोमॅटिक गाडी तशी सुरू होत नाही, आणि पेट्रोल गाडीत न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन तो खराब करतं.

सेल्फ फिरतो, इंजिन पेटत नाही

डिझेलमध्ये पहिला संशय हीटर प्लगवर. डिझेलला स्पार्क नसतो, दाबाने तापलेल्या हवेवर ते पेटतं. थंड सकाळी ती हवा पुरेशी तापत नाही म्हणून हे प्लग असतात. चावी 'ऑन' केली की कॉइलच्या आकाराचं पिवळं चिन्ह लागतं. ते विझल्यावरच सेल्फ मारा. खूप लोक थांबतच नाहीत. चारपैकी एक-दोन प्लग गेले असतील तर गाडी उशिरा उठते, मिनिटभर थरथरते, पांढरा धूर सोडते आणि मग नीट चालते. उन्हाळ्यात हे कळतसुद्धा नाही. दुपारी गाडी एका झटक्यात उठते आणि पहाटेच त्रास देते, असं असेल तर याच दिशेने जा.

हे प्लग घरी काढायला जाऊ नका. ते इंजिनच्या वरच्या भागात, म्हणजे हेडमध्ये वर्षानुवर्षे अडकून बसलेले असतात, जोर लावला की मोडतात, आणि मोडलेला तुकडा काढायला हेड उतरवावं लागतं. जुन्या जीपला पेट्रोलचा बोळा हवेच्या तोंडाशी धरून सुरू करायची एक पद्धत आहे, किंवा स्प्रे मारायची. हीटर प्लग असलेल्या डिझेलला हे कधीही करू नका. तापलेल्या प्लगवर ती वाफ आत स्फोटासारखी पेटते, पिस्टन फुटतो, हात भाजतात.

डिझेल गोठलं असेल का, हाही प्रश्न येतो. आपल्याकडच्या थंडीत नाही. लडाखमध्ये गोठतं, म्हणूनच इंडियन ऑइलने 2019 साली तिथे उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास डिझेल आणलं. नाशिकला त्याची चिंता नको. फिल्टरच्या तळाशी साचलेलं पाणी मात्र बघा. मीटरवर पाण्याचा दिवा लागला असेल तर ते त्याच दिवशी काढून घ्या, पाण्याने इंजेक्टर गंजतात.

पेट्रोल गाडीत स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर. दोन्ही स्वस्त, दोन्हीकडे दुर्लक्ष. आणि इंजिन ऑइलचा ग्रेड मॅन्युअलमध्ये बघा. 5डब्ल्यू-30 लिहिलेल्या गाडीत कुणी "जाड टाका, आवाज कमी होतो" म्हणून 20डब्ल्यू-50 भरलं असेल तर थंड सकाळी सेल्फ रडणारच. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या पातळपणाचा आहे, तो जितका लहान तितकं ऑइल गारठ्यात लवकर फिरतं.

अजून एक, उंदीर. कांद्याच्या चाळीशेजारी किंवा गोठ्यालगत गाडी लावणाऱ्यांनी हे आधीच बघावं. थंडीत त्यांना इंजिनची ऊब हवी असते. कुरतडलेली वायर उघडी दिसली की गाडी सुरू करायचा हट्ट सोडा. शॉर्ट होऊन आग लागते. टेप गुंडाळून भागवू नका, ऑटो इलेक्ट्रिशियन बोलवा.

हीटर गार: आधी हे समजून घ्या

गाडीचा हीटर इंजिनच्या उष्णतेवरच चालतो. गरम कूलंट डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून, म्हणजे हीटर कोअरमधून फिरतं आणि ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो. म्हणजे हीटर लावल्याने मायलेज पडत नाही, ती उष्णता एरवी वायाच जाते. (इलेक्ट्रिक गाडीचं वेगळं आहे, तिथे हीटर बॅटरीचीच वीज खातो.) त्यामुळेच हीटर गार असणं ही इंजिन थंड ठेवणाऱ्या यंत्रणेची खबर असते. "हीटर कोण वापरतो आपल्याकडे" म्हणून सोडून दिलेली ही तक्रार उन्हाळ्यात कसारा घाट चढताना इंजिन तापवते.

इंजिन पूर्ण थंड असताना, सकाळी, कूलंटच्या अर्धपारदर्शक टाकीतली पातळी बघा. ती दोन खुणांच्या मध्ये हवी. गरम इंजिनवर झाकण उघडू नका. आत दाब असतो, कूलंट शंभर अंशांच्या वर तापलेलं असू शकतं आणि झाकण सैल होताच ते उसळून तोंडावर येतं. बोअरचं पाणी भरू नका. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड आहे, त्याचा क्षार हीटर कोअरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि कोअर कायमचा चोंदतो. अडचणीत थोडं पाणी टाकावं लागलंच तर पिण्याचं किंवा फिल्टरचं टाका आणि नंतर कूलंट बदलून घ्या. वेगवेगळ्या रंगांची कूलंट एकमेकांत मिसळू नका. पातळी पुन्हा पुन्हा खाली जात असेल तर वरून भरत बसू नका, कुठेतरी गळती आहे.

झोत दुबळा असेल तर केबिन फिल्टर. बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, पाना न लागता निघतो. आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांत त्यात पानं आणि कांद्याची टरफलं, कधी कधी सीटचा कापूस ओढून केलेलं उंदराचं घरटंसुद्धा सापडतं. फिल्टर तीनशे-पाचशेत मिळतो.

यानंतर थर्मोस्टॅट. इंजिन साधारण 80-90 अंशांवर आल्याशिवाय तो कूलंटला रेडिएटरकडे सोडत नाही. उघडाच अडकला तर इंजिन कधी नीट तापत नाही. हीटर कोमट राहतो, कॉम्प्युटरला इंजिन थंड वाटतं म्हणून तो जास्त पेट्रोल सोडत राहतो, मायलेज पडतं. इथे मला स्पष्ट बोलायचंय. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणारे गॅरेजवाले आपल्याकडे आहेत. तो काढल्याने गाडी तापण्याचं मूळ कारण जात नाही, चोंदलेला रेडिएटर किंवा बंद पडलेला पंखा तसाच राहतो आणि इंजिनची झीज मात्र रोज वाढते. कुणी काढला असेल तर परत बसवून घ्या. बऱ्याच गाड्यांना तो हजार-दोन हजाराच्या आत मिळतो.

अजून एक तपासणी. गाडी तापवून इंजिन बंद करा. इंजिन आणि केबिनच्या मधल्या भिंतीतून आत जाणारे दोन जाड होज, म्हणजे रबरी नळ्या असतात, त्यांना कापडावरून क्षणभर हात लावा. पंख्यापासून हात लांब ठेवा, इंजिन बंद असतानाही तो अचानक फिरू शकतो. दोन्ही होज गरम असतील तर कोअर ठीक आहे, आतली गरम-थंड करणारी झडप किंवा तिची मोटर गेली आहे. एक गरम आणि एक गार असेल तर कोअर चोंदला आहे. दोन्ही गार असतील तर कूलंट कमी आहे किंवा थर्मोस्टॅटचा दोष आहे. कधी कधी होज कोअरकडे जातच नाहीत, इंजिनपाशीच एकमेकांना जोडलेले दिसतात. गळका कोअर बदलण्याऐवजी कुणीतरी केलेला तो जुगाड असतो.

सुरू झाली, आता रस्त्यावर

गाडी सुरू झाली की उभी ठेवून दहा-दहा मिनिटं तापवत बसू नका. अर्धा-एक मिनिट पुरे. मग पहिले दोन-तीन किलोमीटर हळू, इंजिन न ताणता. चालत्या गाडीचं इंजिन उभ्या गाडीपेक्षा लवकर तापतं. बंद शेडमध्ये किंवा शटर लावलेल्या गॅरेजात इंजिन कधीच चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, माणूस झोपेतून उठत नाही. हीटर लावून उभ्या गाडीत झोपणंही त्याच कारणाने जिवावर बेततं.

काच आतून धुरकटली तर हवेचा झोत काचेवर, तापमान गरम, एसी चालू आणि बाहेरची हवा आत. थंडीत एसी कशाला, असं वाटेल. पण एसी हवेतली ओल काढतो आणि गरम हवा काच सुकवते. आतलीच हवा फिरवत ठेवली तर तुमच्या श्वासाची ओल पुन्हा काचेवर बसते. वरून गरम पाणी ओतू नका, काच तडकते. दवाने भरलेल्या काचेत हाताएवढं भोक पुसून निघणारे रोज दिसतात. पूर्ण काच स्वच्छ झाल्याशिवाय फाटकाबाहेर पडू नका.

पहाटे आमच्या रस्त्यांवर धुक्याबरोबर द्राक्षबागांतल्या शेकोट्यांचा धूर असतो, दोन्ही एकत्र आले की समोरचं दिसत नाही. हेडलाइट खालच्या बीमवर ठेवा, वरचा बीम धुक्यावर आपटून तुमच्याच डोळ्यांवर येतो. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही वळताय की थांबलाय ते कळत नाही. आणि उसाच्या ट्रॉल्या. गळीत हंगामात रिफ्लेक्टर नसलेली, मागे दिवा नसलेली ट्रॉली धुक्यात अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. दिसेल तेवढ्या अंतरात थांबता येईल एवढाच वेग ठेवा. टायरची हवाही बघा, दर पाच-सहा अंशांच्या घटीला साधारण एक पीएसआय कमी होते.

इथे थांबा, फिटर बोलवा

तापमानाचा लाल दिवा लागला तर त्याच जागी इंजिन बंद करा आणि टोइंग मागवा. "पुढच्या गावापर्यंत जाऊ" या विचारातच हेड गॅस्केट (हेडखालचं सील) उडतं. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस सतत दिसत असेल आणि कूलंटही कमी होत असेल तर गाडी चालवू नका. फक्त थोडा फेस आणि रोजचं अंतर अगदी कमी असेल तर ती थंडीची ओल असू शकते, पण तेही फिटरला दाखवा. गोडसर वास आणि ओली मॅट म्हणजे कोअर गळतोय. त्यासाठी डॅशबोर्ड उतरवावा लागतो, ते घरचं काम नाही. कूलंट विषारी आहे आणि चवीला गोड लागतं, म्हणून सांडलेलं लगेच धुवा, लहान मुलं आणि कुत्री-मांजरं लांब ठेवा. (मॅट ओली पण पाण्याला वास नाही, रंग नाही, तर एसीची नळी चोंदली असेल. ते किरकोळ काम आहे.) जळका वास, धूर, कुरतडलेल्या वायरी, पेट्रोलचा वास, चावी सोडल्यावरही सेल्फ फिरत राहणं, यातलं काहीही दिसलं तर बॅटरीची काळी वायर काढता येत असेल तर काढा आणि लांब उभे राहा. इलेक्ट्रिक गाडी असेल तर केशरी वायरींना हात लावायचा नाही, फक्त कंपनीचा प्रशिक्षित माणूस.

फिटरला फोन कराल तेव्हा चार गोष्टी सांगा: सेल्फचा आवाज कसा येतो, दिवे मंद होतात का, त्रास फक्त पहाटे होतो की दुपारीही, आणि कूलंटची पातळी किती आहे. यावरून तो बॅटरी बरोबर घेऊन येईल की थर्मोस्टॅट, हे ठरतं. कूलंटचं काही काम झालं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, टाकीतली पातळी स्वतः पुन्हा बघा. आत अडकलेली हवा निघाली की ती खाली येते, तेव्हा तेच कूलंट खुणेपर्यंत भरा.